नाबोथाचा मळा आणि उत्तरेचा रस्ता

आगमनकाळात यशया संदेष्ट्याचे ते सुपरिचित वाचन येते. अरण्यात परमेश्वरासाठी सरळ मार्ग तयार करावा, दऱ्याखोरी भरून काढावीत, डोंगरटेकड्या सपाट कराव्यात, अशी ती हाक. गेली पंचवीसएक वर्षे आम्ही हे वाचन वेदीवरून ऐकवीत आलो आहोत आणि त्यावर प्रवचनेही केली आहेत. डोंगर म्हणजे अहंकार आणि दऱ्या म्हणजे निराशा, असा अर्थ सांगणे आम्हां धर्मगुरूंच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु ज्यांच्या दारावरून खरोखरीचा रस्ता जातो, ज्यांची खरोखरीची टेकडी सपाट होते, ती माणसे हे वाचन कोणत्या कानांनी ऐकत असतील, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला.

तो पडण्यास एक छायाचित्र निमित्त झाले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त कॅनडात असतो. नाताळच्या शुभेच्छांबरोबर त्याने एका रस्त्याचे चित्र पाठवले. दोन्ही बाजूंना काळपट, खुरट्या सूचिपर्णी झाडांचे रान. मधोमध बर्फाने कडा पुसून टाकलेला एकच रस्ता. त्यावर ना माणूस, ना वाहन. खाली त्याने लिहिले होते, 'फादर, हाच का तो यशयाचा राजमार्ग?' त्याने थट्टेने विचारले होते. आम्ही मात्र त्या रस्त्याविषयी मिळेल ते वाचीत गेलो आणि थट्टा मागे पडली.

तो रस्ता क्वेबेक प्रांतातला, जेम्स बे रस्ता या नावाने ओळखला जाणारा. मॅटागामी या लहानशा खाणगावापासून तो निघतो आणि ६२० किलोमीटर उत्तरेस रॅडिसन येथे पोहोचतो. एवढ्या अंतरात मुंबईहून निघालेला मनुष्य गोव्यात उतरतो, आणि वाटेत त्याला किती गावे, किती देवळे, किती चहाच्या टपऱ्या लागतात त्याची गणती नाही. या रस्त्यावर इंधन आणि गरम जेवण मिळण्याचे ठिकाण एकच, ३८१व्या किलोमीटरवर. पुढे-मागे रान, दलदल, तळी आणि नद्या. १९७१ साली काम सुरू झाले आणि १९७४ साली, अवघ्या तीनेक वर्षांत, ते पुरे झाले. वाटेतले पूल मुद्दाम विलक्षण भक्कम बांधले गेले, कारण त्यांवरून शेकडो टन वजनाची यंत्रसामग्री न्यायची होती. वाटेत कोणाला भेटावे म्हणून हा रस्ता काढलेलाच नव्हता. त्याला ला ग्रांद नदी गाठायची होती.

त्या नदीवर जे उभे राहिले ते पाहून कोणीही थक्क व्हावे, आणि आम्हीही झालो. जमिनीच्या पोटात १३७ मीटर खोल, कातळ कोरून बांधलेले वीजगृह. त्यात सोळा जनित्रे. क्षमता ५,६१६ मेगावॉट. आपल्या कोयनेच्या सर्व टप्प्यांची क्षमता एकत्र केली तरी ती सुमारे १,९६० मेगावॉट भरते, यावरून कल्पना यावी. जादा पाणी सोडण्यासाठी डोंगराच्या कातळात दहा अवाढव्य पायऱ्या कापल्या आहेत. एखाद्या राक्षसाने चढून जावे असा तो जिना. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी हे केंद्र सुरू झाले, आणि १९९६ पासून ते रोबेर बुरासा या दिवंगत मुख्यमंत्र्यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे त्याच नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर आणखी केंद्रे झाली, ईस्टमेन आणि कानियापिस्को या शेजारच्या नद्यांचे पाणी वळवून तिच्यात आणले गेले. आज त्या सगळ्या संकुलाची क्षमता १६,००० मेगावॉटच्या वर आहे. हजार किलोमीटर दक्षिणेकडे, माँट्रियलच्या घरांत, दिवे आणि शेगड्या त्यावर चालतात. कोळसा जळत नाही, धूर निघत नाही. पृथ्वीच्या तापमानवाढीची चिंता वाहणाऱ्या आजच्या जगात अशा विजेला नावे ठेवणे सोपे नाही.

मग अडचण कुठे आहे? ३० एप्रिल १९७१ या दिवशी आहे. त्या दिवशी बुरासा यांनी आपल्या पक्षाच्या मेळाव्यात या प्रकल्पाची घोषणा केली. त्या नद्यांच्या काठी पिढ्यान् पिढ्या शिकार आणि मासेमारी करून राहणारे सुमारे ६,००० क्री लोक होते, आणि आणखी उत्तरेस इन्युइट होते. त्यांना कोणी विचारले नाही. विचारणे दूरच, कोणी कळवलेही नाही. त्यांना बातमी कळली ती वर्तमानपत्रांतून. बिली डायमंड नावाचा, वयाने जेमतेम विशी ओलांडलेला एक तरुण तेव्हा आपल्या वस्तीचा प्रमुख होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी इतर वस्त्यांना निरोप धाडले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मिस्तासिनी येथे क्री प्रमुखांची बैठक भरली. एकाच नदीप्रदेशात राहणारे हे लोक अशा कारणासाठी पूर्वी कधी एकत्र बसलेच नव्हते.

प्रकरण माँट्रियलच्या न्यायालयात गेले. दीडशेहून अधिक साक्षीदार झाले. त्यांत रानातून प्रथमच शहरात आलेले शिकारी होते. त्यांतील एका वृद्ध शिकाऱ्याची हकीकत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. त्याला शपथ घेण्यास सांगितले की तू सत्य सांगशील. दुभाष्याशी त्याचे बराच वेळ बोलणे झाले. शेवटी दुभाष्या म्हणाला की, सत्य सांगेन असे वचन हा देऊ शकत नाही. त्याला जे ठाऊक आहे तेवढेच तो सांगेल. आम्ही सेमिनरीत सत्याच्या व्याख्या पाठ केल्या, बुद्धी आणि वस्तू यांची अनुरूपता वगैरे. परंतु सत्यापुढे इतक्या अदबीने उभा राहिलेला माणूस आम्हांला पुस्तकांत क्वचितच भेटला.

न्यायाधीश आल्बेर मालुफ यांनी १५ नोव्हेंबर १९७३ रोजी काम थांबवण्याचा हुकूम दिला. तो एक आठवडा टिकला. वरिष्ठ न्यायालयाने तो स्थगित केला. त्यामागचा विचार असा की, लाखो नागरिकांची विजेची गरज एका पारड्यात आणि रानातल्या थोड्या रहिवाशांचे हित दुसऱ्या पारड्यात घातले, तर जड पारडे कोणते हे उघड आहे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सृष्टीची संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, कोणाचीही मालकी निरपेक्ष नाही, ही तर ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा ठासून सांगितली. एवढी मोठी नदी सहा हजार माणसांचीच, असे आम्ही म्हणणार नाही, आणि बहुधा त्यांनीही तसे म्हटले नसते. शिवाय बुरासा यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. क्वेबेकचे फ्रेंचभाषक लोक, बहुतांशी आपल्याच पंथाचे, दीर्घकाळ इंग्रजी भांडवलाच्या दारी राबत आले होते. आपल्या घरी आपणच धनी, या घोषणेवर १९६२ ची निवडणूक लढवली गेली आणि खासगी वीजकंपन्या प्रांताच्या मालकीच्या झाल्या. लोकांना काम हवे होते, स्वाभिमान हवा होता. उत्तरेच्या नदीत त्यांना दोन्ही दिसले. ज्यांना स्वतःच्या घरात कोणी विचारीत नव्हते, त्यांनी घर हाती येताच दुसऱ्याच्या घरात न विचारता पाऊल टाकावे, हे दुःखद आहे. अपूर्व मात्र नाही. १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून सत्याग्रह केला, तेव्हा तेथेही मुंबईला वीज हवी होती. ते भातखाचरांचे खोरे आज पाण्याखाली आहे.

येथे आम्हांला जुन्या करारातील नाबोथ आठवतो. इज्रेलात राजा अहाबाच्या वाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करावीशी वाटली. पुढची हकीकत, ती खोटी साक्ष, तो खून आणि एलिया संदेष्ट्याचा शाप, सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या रक्तपातामुळे गोष्टीचा आरंभ आपल्या नजरेतून सुटतो. आरंभी अहाब नाबोथाकडे गेला आणि म्हणाला, तुझा मळा मला दे. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. राजा घरी येऊन रुसून पडला. इस्राएलाच्या दुष्ट राजांत ज्याची गणना होते, त्या अहाबाने निदान विचारले तरी होते! १९७१ च्या एप्रिलमध्ये तेवढेही झाले नाही.

क्री लोकांना विचारले असते आणि त्यांनी नाही म्हटले असते, तर तोच अखेरचा शब्द मानायला हवा होता का? या प्रश्नाचे उत्तर आम्ही छातीठोकपणे देणार नाही. सार्वजनिक हिताला काही अधिकार आहे, आणि काही वेळा नकारानंतरही राज्याला पुढे जावे लागते. परंतु विचारणे म्हणजे केवळ होकार गोळा करणे असे समजणेच मुळात चुकीचे. विचारणारा मनुष्य दुसऱ्याच्या अंगणात उभा राहतो, त्याचे ऐकतो, आणि ऐकताना त्याला काही कळते. त्या वृद्ध शिकाऱ्याला जे ठाऊक होते ते सरकारच्या एकाही नकाशात नव्हते. आईबापांना कोठे पुरले आहे, मासा कोणत्या धारेशी येतो, हिवाळ्यात बर्फ कोठे धरतो, हे सारे त्याच्याकडे होते.

त्या बर्फाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. निसर्गात उत्तरेची नदी हिवाळ्यात रोडावते आणि बर्फ वितळला की वसंतात फुगते. शहराला विजेची भूक लागते ती हिवाळ्यात, घरे तापवण्यासाठी. म्हणून वसंताचे पाणी जलाशयात अडवून ठेवतात आणि हिवाळ्यात सोडतात. परिणामी ला ग्रांदचे ऋतूच उलटले. भर थंडीत तिला पूर येऊ लागला. ज्या बर्फावरून शिकारी निर्धास्तपणे पलीकडच्या तीरावर जात, तो बर्फ भरवशाचा राहिला नाही. ईस्टमेनचे उलट झाले. तिचा मुखाजवळचा सुमारे नव्वद टक्के प्रवाह नाहीसा झाला. बुडालेल्या रानातील झाडापाल्याच्या कुजण्यातून पारा माशांत उतरला, आणि जन्मभर मासे खाऊन जगलेल्या म्हाताऱ्यांना सांगण्यात आले की हे मासे जपून खा. १९८४ च्या सप्टेंबरात कानियापिस्को नदी ओलांडताना सुमारे दहा हजार कॅरिबू हरणे बुडाली. दोष पावसाचा की धरणाचा, यावर वाद झाला. नदीच्या मुखाशी असलेल्या फोर्ट जॉर्ज बेटाची धूप होईल या भीतीने १९८०-८१ मध्ये तेथील सगळी वस्ती मुख्य भूमीवर हलवण्यात आली. नव्या गावाचे नाव चिसासिबी, म्हणजे मोठी नदी.

भरपाई मिळाली नाही असे कोणी म्हणू नये. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी करार झाला. क्री आणि इन्युइट यांना मिळून साडेबावीस कोटी डॉलर, शिकारीचे राखीव हक्क, आपल्या शाळा आणि आरोग्यसेवा आपण चालवण्याचा अधिकार, शिकारीवर जगणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाची हमी. पण त्या वेळी काम जोरात सुरू होते, रस्ता तर पुरा झालेला होता. मळ्यात नांगर फिरू लागल्यावर नाबोथाने किंमत ठरवायला बसावे, तसे ते झाले.

संत थॉमस अक्वायनस यांनी हानीच्या परतफेडीचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. घेतले ते तितकेच परत करावे, हा नियम. पण जेथे तितके परत करणे अशक्य, तेथे शक्य ते द्यावे. कोणाचा हात किंवा पाय आपल्यामुळे गेला तर तो परत देता येत नाही. पैशाने किंवा सन्मानाने त्याची भरपाई करावी. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला ते पुरेसे वाटले होते. जमीन गेली, तिची किंमत देता येते. मासा गेला, त्याचा मोबदला देता येतो. 'तुमचे काय म्हणणे आहे?' हा प्रश्न मात्र वेळेवर विचारायचा राहिला, तर तो नंतर कोणत्या नाण्यात चुकता करायचा? गेलेल्या वस्तूची किंमत मिळाली तरी, आपण गणतीत नव्हतो ही जाणीव मागे उरते. संत थॉमस यांनी पैशाच्या जोडीला सन्मानाचा उल्लेख का केला असावा, हे आम्हांला आता थोडे उमगते.

हे आम्ही केवळ कॅनडाविषयी लिहीत नाही. एका पूर्वीच्या धर्मग्रामात असताना चर्चचे फाटक थेट हमरस्त्याला मिळावे म्हणून आम्ही एक वाट काढली. मध्ये एका वृद्ध विधवेच्या वाडीचा पट्टा येत होता. समितीने ठराव केला. बाई आपल्याच, नाही म्हणायच्या नाहीत, असे सर्वांनी गृहीत धरले, आणि आम्हीही धरले. बाई बाजाराला गेल्या असताना कामगार आले आणि त्यांनी दोन आंबे पाडले. संध्याकाळी आम्ही रक्कम घेऊन गेलो. रक्कम चांगली होती. त्यांनी ती मोजून घेतली, फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, 'विचारलं असतंत तर दिलीच असती की, फादर.' त्यानंतरही त्या मिस्साला नियमाने येत राहिल्या. मात्र येत त्या जुन्या, तळ्याला वळसा घालणाऱ्या वाटेने, भर पावसातसुद्धा. आम्ही पापनिवेदनात हे सांगितले. त्यांच्याजवळ मात्र, आमची बदली होईपर्यंत, तो विषय पुन्हा काढण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

आणि ख्रिस्तसभेचे काय? हा रस्ता येण्याच्या कितीतरी आधी फोर्ट जॉर्ज बेटावर दोन निवासी शाळा होत्या, एक अँग्लिकन आणि एक आपली, ओब्लेट धर्मगुरूंची. कॅनडाभर अशा शाळांत मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून आणली गेली, त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतली गेली, आणि पुष्कळांच्या वाट्याला त्याहून वाईट भोग आले. ज्यांनी हे केले त्यांतील अनेकांना आपण उपकार करीत आहोत असे मनापासून वाटत होते. म्हणजे तेथेही विचारायचे राहिलेच होते, आणि न विचारणाऱ्यांच्या अंगावर आमच्यासारखाच झगा होता. २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस आजारी गुडघ्याने, चाकाच्या खुर्चीतून कॅनडात गेले आणि त्यांनी मूळ रहिवाशांपुढे क्षमायाचना केली. ती पुरेशी होती की नाही यावर तेथे मतभेद झाले. ते स्वाभाविक आहेत. क्षमा किती झाली हे मागणाऱ्याने मोजायचे नसते. त्याआधी, २०१५ मध्ये, सृष्टीविषयीच्या आपल्या परिपत्रकात त्यांनी लिहून ठेवले होते की मोठे प्रकल्प आखताना मूळ रहिवाशांशी बोलणे हे सर्वांत आधी यायला हवे. फोर्ट जॉर्जच्या शाळेनंतर हे लिहायला किती वर्षे लागली, हा हिशेब आपला आपण करावा.

क्री लोक मात्र हिशेब मांडीत बसले नाहीत. आणखी उत्तरेच्या ग्रेट व्हेल नदीवर पुढचा प्रकल्प येणार असे ठरले, तेव्हा १९९० मध्ये त्यांनी आणि इन्युइटांनी मिळून निम्मी कनू आणि निम्मी कयाक अशी एक नौका बांधली, ती वल्हवीत न्यूयॉर्कपर्यंत नेली आणि तेथील वीजग्राहकांना प्रश्न विचारला. १९९४ मध्ये तो प्रकल्प बाजूला ठेवला गेला. पुढे ७ फेब्रुवारी २००२ रोजी प्रांत सरकार आणि क्री यांच्यात नवा करार झाला. या वेळी रुपर्ट नदीचे पाणी वळवायचे होते, आणि या वेळी आधी बोलणी झाली, मग क्री लोकांचे मत घेतले गेले. सुमारे सत्तर टक्क्यांनी होकार दिला. सगळे सुखी झाले असे नाही. तीन वस्त्यांच्या प्रमुखांनी नंतरही विरोध केला, आणि रुपर्टसाठी रडणारी माणसे होतीच. त्या अश्रूंची जात मात्र निराळी होती, असे आम्हांला वाटते. आपल्या माणसांनी, आपल्या तोंडाने, चूक असो वा बरोबर, घेतलेल्या निर्णयाचे ते अश्रू होते.

आणि तो रस्ता? त्याच रस्त्याने आज चिसासिबीची गरोदर बाई दक्षिणेकडच्या रुग्णालयात जाते, मुले हॉकीच्या सामन्यांना जातात, शिकारी आपापल्या रानात शिरतात. न विचारता आलेला रस्ता त्यांनी आपला करून घेतला आहे. याचे श्रेय रस्ता बांधणाऱ्यांना देण्याचा मोह पुष्कळांना होतो. योसेफाला त्याच्या भावांनी विकले आणि त्यातूनच पुढे दुष्काळात त्यांना धान्य मिळाले. पण म्हणून भावांनी त्याला विकले ते बरे केले, असे आजवर कोणत्या प्रवचनात आम्ही ऐकलेले नाही. उन्हाळ्यात चिसासिबीचे लोक अजूनही होड्यांनी फोर्ट जॉर्ज बेटावर जातात, जुन्या दफनभूमीजवळ राहुट्या ठोकतात आणि काही दिवस तेथे राहतात.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे लिहिले नाही. एवढेच विचारले की ६००व्या किलोमीटरच्या सुमारास पश्चिमेकडे चिसासिबीचा फाटा लागतो, तिकडे गेला होतास का. त्याचे उत्तर चार दिवसांनी आले. 'फाटा दिसला होता, फादर. पण आम्हांला धरण पाहायचे होते आणि अंधार लवकर पडतो.'